सुरी, सबुरी आणि एक रबर

महाराष्ट्रातल्या कुठल्याही एसटी स्टँडाबाहेरची भिंत वाचा. 'मूळव्याध, भगंदर, फिशर. बिना ऑपरेशन, बिना टाके, कायमचा इलाज' असं ठळक रंगात लिहिलेलं असतं आणि खाली मोबाईल नंबर. मोठ्या शहरात हीच भिंत आता गुळगुळीत फ्लेक्सवर आली आहे: 'लेझरने मूळव्याधीपासून सुटका, सकाळी या, संध्याकाळी घरी.' पहिला ऑपरेशनची भीती विकतो. दुसरा ऑपरेशनच विकतो, फक्त त्याला ऑपरेशन म्हणत नाही. संडासात लाल रक्त बघून हादरलेला माणूस या दोन पाट्यांच्या मध्ये उभा असतो आणि विचारायची कुणाला सोय नसते. 'अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर' ही म्हण आपल्याकडे उगाच पडलेली नाही. घरात बोलता येत नाही, म्हणून महिनोन्‌महिने मेडिकलच्या दुकानातून 'ते मलम' कागदात गुंडाळून आणलं जातं.

शेवटी डॉक्टरांसमोर बसल्यावर पहिला प्रश्न येतो तो हाच: ऑपरेशन करावंच लागेल का? प्रश्न साहजिक आहे, पण त्याची मांडणी चुकलेली आहे. त्यात दोनच टोकं गृहीत धरली आहेत, एकीकडे चूर्ण आणि दुसरीकडे सुरी. या दोन्हींच्या मध्ये चांगली रुंद पायरी आहे, बाह्यरुग्ण विभागात होणारी, भूल न लागणारी, स्वस्त. ज्यांना पथ्यपाण्याने पुरेसा आराम पडत नाही त्यांच्यातल्या बहुतेकांना तिथेच थांबता येतं. तिची पाटी कुठल्याही भिंतीवर दिसत नाही, कारण तिच्यात फारसा पैसा नाही.

मूळव्याध हा बाहेरून लागलेला रोग नाही. गुदमार्गाच्या आत, तोंडापासून थोडं वर, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या तीन मऊ गाद्या प्रत्येकाला जन्मापासून असतात. नळातल्या वायसरचं जे काम, तेच त्यांचं. स्नायूंची कडी कितीही आवळली तरी जी बारीक फट उरते ती या गाद्या भरून काढतात, म्हणून वायू किंवा पातळ मळ नकळत सुटत नाही. एरवी गुदद्वार बंद ठेवणाऱ्या दाबात सुमारे १५ ते २० टक्के वाटा या गाद्यांचा असतो. डब्ल्यू. एच. एफ. थॉमसन या ब्रिटिश शल्यविशारदाने १९७५ साली हे चित्र नीट मांडलं आणि मूळव्याध म्हणजे फुगलेली शीर, ही जुनी समजूत मागे पडली. मूळव्याध म्हणजे जागेवरून घसरलेली गादी. तिला धरून ठेवणारे तंतू वयाबरोबर सैल होतात. वर्षानुवर्षांच्या कुंथण्याने आणि गरोदरपणात ते लवकर सैल होतात. मग गादी खाली सरकते, मळाशी घासते आणि रक्त येतं. गादीत धमन्या आणि शिरा थेट जोडलेल्या असल्यामुळे हे रक्त काळपट नसतं, लालभडक असतं, कधी थेंब थेंब, कधी चक्क पिचकारी.

एवढं लक्षात घेतलं की पुढचं बरंच सोपं होतं. जी वस्तू मुळात शरीराची आहे ती समूळ उपटून काढणं हा उपचाराचा हेतू असू शकत नाही. त्रास थांबवणं हा हेतू असतो. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या कोलोनोस्कोपीच्या रिपोर्टात शेवटच्या ओळीत 'ग्रेड वन पाइल्स' असं छापून येतं आणि माणूस घाबरून शस्त्रक्रियेची चौकशी करू लागतो. रक्त पडत नाही, काही बाहेर येत नाही, खाज नाही, तर त्या ओळीसाठी काहीही करायचं नसतं.

दुसरी शरीररचनेची गोष्ट वेदनेबद्दलची. गुदमार्गात एक नागमोडी सीमारेषा आहे. तिच्या वरच्या अस्तराला कापल्या-टोचल्याची वेदना जवळजवळ कळत नाही. खालची त्वचा मात्र शरीरातल्या अतिशय हळव्या जागांपैकी एक. मूळव्याधीच्या उपचारांचं सगळं राजकारण या रेषेवर चालतं. रेषेच्या वर जे करता येतं ते खुर्चीत बसल्यासारखं सहज होतं. रेषेच्या खाली हात घालायचा तर भूल हवी आणि नंतरचे पंधरा दिवस सोसायची तयारी हवी.

म्हणूनच आतली मूळव्याध सहसा दुखत नाही. रक्त पडतं, जड वाटतं, ओलसरपणा राहतो, कोंब बाहेर येतो, पण ठणका नसतो. 'संडासला बसलं की जीव जातो, नंतर तासभर आग होते' असं सांगणाऱ्याला बहुधा मूळव्याध नसतेच. त्याला फिशर असतं, म्हणजे गुदद्वाराच्या कातडीला पडलेली चीर. जुन्या फिशरच्या टोकाशी कातडीचा एक लोंबता तुकडा वाढतो. हाताला तो लागतो आणि 'कोंब आला' म्हणून माणूस स्वतःच निदान करून मोकळा होतो. फिशरचे उपचार वेगळे आहेत, त्याची मलमं वेगळी आहेत. पू येत असेल, जवळच्या फोडातून पुन्हा पुन्हा स्राव होत असेल, तर तो भगंदर, आणि त्याची वाट तिसरीच. गुदद्वाराशी अचानक निळसर, टणक, कमालीची दुखरी गाठ आली असेल तर ती बाहेरच्या शिरेत साकळलेली गुठळी असते. पहिल्या ७२ तासांच्या आत आलात तर स्थानिक भूल देऊन ती काढून टाकल्याने झटकन सुटका होते. त्यापेक्षा उशीर झाला तर दुखणं आपोआप उतरणीला लागलेलं असतं आणि शेक, वेदनाशामक गोळी, मऊ मळ यांवर निभावून नेलेलं बरं.

तिखटाबद्दल इथेच सांगून टाकतो, कारण घरोघरी पहिली बंदी त्यावर येते. इटलीतल्या डॉक्टरांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या एका चाचणीत मूळव्याधीच्या रुग्णांना कॅप्सूलमधून लाल मिरची दिली, आणि दुसऱ्या वेळी तशाच दिसणाऱ्या पण मिरची नसलेल्या कॅप्सूल दिल्या. त्रासात फरक पडला नाही. फिशरवर असाच प्रयोग आपल्या नागपुरात झाला आणि तिथे मिरचीने आग वाढते असं स्पष्ट दिसलं. सावजीच्या गावात हा प्रयोग व्हावा हे न्यायाला धरूनच आहे. तेव्हा तिखट सोडायचं की नाही, हेसुद्धा नेमकं काय झालंय ते कळल्याशिवाय ठरत नाही.

निदानाच्या घोळातला सर्वांत महागडा घोळ मात्र यातला कुठलाच नाही. गुदाशयाच्या कर्करोगातही पहिलं लक्षण पुष्कळदा लाल रक्तच असतं. 'उष्णता वाढली', 'जुनी मूळव्याध आहे माझी' असं म्हणत सहा-आठ महिने निघून जातात आणि गाठ वाढत राहते. रक्त मळात मिसळून येतंय, काळपट आहे, सोबत शेंबडासारखी आव पडते, शौचाची सवय अलीकडे बदललीय, पुन्हा पुन्हा जावंसं वाटतं आणि साफ होत नाही, वजन उतरतंय, रक्त कमी झालंय, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग झाला होता, यातलं काहीही असेल किंवा वय पंचेचाळिशीच्या पुढे असेल, तर मूळव्याध समोर दिसत असूनही दुर्बिणीने आतडं तपासून घ्यावं. मूळव्याध असलेल्या माणसाला कर्करोग होत नाही असा काही नियम नाही. आणि पहिली तपासणी तर दुर्बिणीचीही नाही, हातमोजा घातलेल्या बोटाची आहे. तिला एक मिनिट लागतं.

आता निदान पक्कं झालंय असं धरू. लीड्सचे शल्यविशारद जॉन गोलिघर यांच्या नावाने ओळखली जाणारी चार पायऱ्यांची पद्धत आजही सगळीकडे चालते. पहिल्या श्रेणीत रक्त येतं, पण काही बाहेर येत नाही. दुसऱ्या श्रेणीत कुंथताना कोंब बाहेर येतो आणि आपोआप आत जातो. तिसऱ्या श्रेणीत तो बोटाने आत ढकलावा लागतो. चौथ्या श्रेणीत ढकलूनही राहत नाही. ही पद्धत उपयोगी आहे, पण ती फक्त सरकणं मोजते, त्रास मोजत नाही. दुसऱ्या श्रेणीचा एखादा माणूस रोज रक्त पडून पांढराफटक पडलेला असतो, आणि तिसऱ्या श्रेणीच्या आजोबांनी वीस वर्षं सकाळी कोंब आत ढकलून शेतीची कामं केलेली असतात. दोघांनाही एकच उपचार सांगणारा डॉक्टर श्रेणीकडे बघतोय, माणसाकडे नाही.

सबुरीचा भाग आधी. पहिल्या आणि दुसऱ्या श्रेणीत, आणि खरं तर सगळ्याच श्रेणींत, सुरुवात मळ मऊ करण्यापासून होते. हे सांगितलं की रुग्णाचा चेहरा पडतो, 'एवढंच?' असा. पण तंतुमय पदार्थांवरच्या चाचण्या २००५ साली कॉक्रेन या संस्थेने एकत्र करून तपासल्या तेव्हा रक्त पडत राहण्याची शक्यता जवळपास निम्म्याने घटलेली दिसली. एवढा परिणाम मलमांच्या ट्यूबा दाखवू शकलेल्या नाहीत. फक्त तो चार दिवसांत दिसत नाही, महिना-दीड महिना द्यावा लागतो, आणि लोक आठव्या दिवशीच इसबगोल सोडतात. इसबगोल म्हणजे गुजरातेत सिद्धपूर-उंझा पट्ट्यात तयार होऊन जगभर जाणारा भुसा. तो चमचाभर घशाखाली ढकलून वर घोटभर पाणी प्यायचा पदार्थ नव्हे. मोठा पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचा आणि दिवसभर पाणी पुरेसं ठेवायचं, नाहीतर तो उलट आतच गोळा होऊन बसतो. ज्वारी-बाजरीची भाकरी, पालेभाज्या, उसळी, पेरू यांनी अर्धं काम होतं. सुरण आणि ताक यांना आपल्याकडे मूळव्याधीत मान आहे. दोन्ही खाण्यात असायला हरकत नाही, फक्त त्यांच्या भरवशावर रक्ताकडे दुर्लक्ष नको.

सबुरी इथे उपयोगी असली तरी संडासात नको. भांड्यावर बसून राहणं म्हणजे गाद्यांना आधाराविना लोंबकळत ठेवणं. बोस्टनमध्ये झालेल्या आणि २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संडासात मोबाईल नेणाऱ्यांमध्ये मूळव्याध आढळण्याची शक्यता ४६ टक्के जास्त दिसली. अभ्यास १२५ जणांचाच होता आणि त्यावरून मोबाईलमुळेच मूळव्याध होते असं म्हणता येणार नाही, पण मोबाईल बाहेर ठेवायला पैसेही पडत नाहीत. पाच मिनिटांत झालं नाही तर उठून यावं.

औषधांबद्दल थोडक्यात. डायोस्मिन-हेस्पेरिडिन गटातल्या गोळ्यांनी रक्त पडणं आणि खाज कमी होते असं बऱ्याच चाचण्यांत दिसलं आहे. सरकलेली गादी त्या वर नेत नाहीत. मलमांमध्ये बहुधा सुन्न करणारं औषध आणि स्टेरॉइड असतं. आठवडाभर लावायला ठीक, पण महिनोन्‌महिने लावली तर तिथली कातडी पातळ होऊन नवाच त्रास सुरू होतो.

महिना-दीड महिना हे सगळं इमानाने करूनही रक्त पडतंय किंवा कोंब येतोय, तर पुढे काय? इथे आपल्याकडे उडी मारली जाते, थेट ऑपरेशन थिएटरात. आणि इथेच ती रबराची कडी विचारायची असते.

रबर बँड लायगेशन ही पद्धत १९६३ साली डेट्रॉइटच्या जेम्स बॅरन यांनी सोप्या उपकरणानिशी रूढ केली. तुम्ही डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपता. डॉक्टर प्रॉक्टोस्कोप म्हणजे छोटी नळी आत सरकवतात. ती थोडी थंडगार लागते आणि शौचाला लागल्यासारखं वाटतं. घसरलेली गादी नळीच्या तोंडाशी दिसते. एका दांड्याच्या टोकाला ताणून बसवलेली काही मिलिमीटरची रबरी कडी असते. चिमट्याने किंवा हवेच्या ओढीने गादीचा वरचा भाग दांड्याच्या तोंडात खेचायचा आणि खटका दाबायचा. कडी गादीच्या मुळाशी आवळून बसते. कडी त्या नागमोडी रेषेच्या वर असेल तर टोचल्यासारखंही होत नाही, फक्त एक-दोन दिवस जडपणा राहतो. टोचल्यासारखं झालं तर रुग्णाने तिथल्या तिथे सांगायचं, कारण मग कडी खाली बसली आहे आणि ती काढून पुन्हा घालायला हवी. गप्प राहून घरी गेलात तर रात्र वाईट जाते. रक्तपुरवठा तुटलेला तो तुकडा पाच ते दहा दिवसांत कडीसकट गळून पडतो, बहुतेकांना कळतही नाही. जागेवर जो व्रण भरतो तो उरलेल्या गादीला वर चिकटवून ठेवतो. म्हणजे गादी थोडी कमी होते आणि मुख्य म्हणजे जागेवर बसते. भूल नाही, भरती नाही, बहुतेक जण दुसऱ्या दिवशी कामावर.

यालाही बाजू आहेत. कडी गळताना, आठवड्या-दीड आठवड्याने, रक्त येऊ शकतं, क्वचित भरपूर. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांना म्हणूनच आधी विचारून घ्यावं लागतं आणि पुष्कळदा कडी टाळावी लागते. फार क्वचित जंतुसंसर्ग पसरतो. ताप, वाढत जाणारी वेदना आणि लघवी अडणं हे तिन्ही एकत्र आले तर सकाळची वाट बघायची नसते. आणि त्रास परत येतो. २०१६ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत वर्षभरात पुन्हा त्रास झालेल्यांचं प्रमाण कडीनंतर ४९ टक्के होतं. डॉपलर यंत्राने धमनी शोधून ती बांधण्याच्या शस्त्रक्रियेनंतर ते ३० टक्के होतं. आकडा ऐकून कडी फसवी वाटेल. पण त्याच चाचणीत एक पोटहिशेब आहे. कडी एकदा घालून सोडून न देता गरजेप्रमाणे पुन्हा घातली असं धरलं तर ४९ चे साडेसदतीस होतात. दाताच्या डॉक्टरकडे दोनदा जायला आपण कुरकुरत नाही. दहा मिनिटांच्या कामाला दोनदा जावं लागलं म्हणून ते फसलं असं म्हणण्यात अर्थ नाही.

याच पायरीवर इंजेक्शनही आहे. डब्लिनचे जॉन मॉर्गन यांनी १८६९ साली ती सुरुवात केली, नंतर बदामाच्या तेलातलं फिनॉल आलं आणि आता पॉलिडोकॅनॉल. पहिल्या-दुसऱ्या श्रेणीच्या रक्तावर ते चालतं, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना कडीपेक्षा बरं पडतं. टिकाऊपणात मात्र कडी पुढे. फक्त 'इंजेक्शनने मूळव्याध जाळतो' म्हणणाऱ्या पिढीजात दवाखान्यातलं इंजेक्शन आणि हे इंजेक्शन एक नव्हे. तिथे दाहक द्रव्य कुठे आणि किती जातं याचा पत्ता नसतो, आणि गुदद्वार आक्रसून करंगळीही जाणार नाही अशा अवस्थेतले रुग्ण नंतर शल्यविशारदांकडे येतात.

आता सुरी. चौथी श्रेणी, बाहेरची आणि आतली मूळव्याध एकत्र वाढलेली, दोन-तीनदा कड्या घालूनही न थांबलेली तिसरी श्रेणी, किंवा रक्त पडून हिमोग्लोबिन घसरत चाललेलं, अशा वेळी शस्त्रक्रियेला टाळाटाळ करण्यात शहाणपण नाही. हिमोग्लोबिनचं विशेष सांगायला हवं. रोजचे चार-दोन चमचे रक्त वर्षभर गेलं तर माणूस जिना चढताना धापा टाकू लागतो आणि हृदय तपासायला जातो. बायकांच्या बाबतीत तर सगळा अशक्तपणा पाळीच्या खात्यावर टाकला जातो आणि दुसरं रक्त कुठून जातंय हे त्या कुणाला सांगतच नाहीत.

गादी कापून काढण्याची आजची मूळ पद्धत १९३७ साली लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातल्या मिलिगन आणि मॉर्गन यांनी वर्णन केली. ती जवळपास नव्वद वर्षं टिकली आहे, कारण तिच्याइतका टिकाऊ परिणाम दुसऱ्या कशाने मिळत नाही. कड्या आणि शस्त्रक्रिया यांची तुलना करणाऱ्या अभ्यासांमधून हेच पुन्हा पुन्हा आलं आहे: शस्त्रक्रिया जास्त पक्की, जास्त दुखरी, जास्त गुंतागुंतीची. पाठीच्या मणक्यातून भूल देतात. तीन ठिकाणच्या गाद्या मुळाशी बांधून काढतात आणि त्यांच्या मध्ये कातडीच्या पट्ट्या मुद्दाम शिल्लक ठेवतात. त्या ठेवल्या नाहीत तर जखम भरताना द्वार आक्रसतं. पहिल्या रात्री लघवी अडू शकते, विशेषतः प्रोस्टेटचा त्रास असलेल्या वयस्कर पुरुषांची. खरी परीक्षा पहिल्या शौचाची. भीतीने लोक जेवण कमी करतात, शौच रोखून धरतात, मळ कडक होतो आणि मग जे होतं ते विसरता येत नाही. पोट साफ ठेवणारं औषध पहिल्या दिवसापासून घ्यावं, पोटभर जेवावं, वेदनाशामक गोळी दुखायला लागण्याआधी घ्यावी, प्रत्येक शौचानंतर कोमट पाण्याच्या टबात दहा मिनिटं बसावं. कामावर परतायला दोन ते तीन आठवडे, जखम पूर्ण भरायला महिना-दीड महिना. दुचाकीवरून रोज चाळीस किलोमीटर जाणाऱ्याने हा हिशेब तारीख ठरवण्याआधी करावा. वायू रोखण्यावरचा ताबा थोड्या जणांचा कमी होतो. वारंवार बाळंतपणं झालेल्या किंवा आधीच हा त्रास असलेल्या स्त्रियांनी ते शल्यविशारदांना आपणहून सांगायला हवं.

वेदना टाळायची म्हणून नव्या पद्धती आल्या. १९९८ साली इटलीतल्या अँतोनियो लाँगो यांनी स्टेपलरची पद्धत मांडली: आतलं अस्तर गोल कापून वर शिवायचं, म्हणजे गादी वर ओढली जाते आणि जखम हळव्या रेषेच्या वर राहते. दुखतं खरंच कमी. पण ७७७ रुग्णांवरच्या ब्रिटनमधल्या चाचणीत दोन वर्षांनी पुन्हा त्रास झालेले स्टेपलरच्या गटात ४२ टक्के निघाले, तर पारंपरिक शस्त्रक्रियेच्या गटात २५. म्हणजे सर्वांत पक्क्या शस्त्रक्रियेनंतरही चौघांतला एक जण काही ना काही तक्रार सांगतोच. 'शंभर टक्के, कायमची' ही हमी देणाऱ्याने हे आकडे पाहिलेले नाहीत किंवा लपवलेले आहेत.

आणि लेझर. हे बिना ऑपरेशन नाही. भूल लागते, थिएटर लागतं, सहीचा कागद लागतो. डायोड लेझरची बारीक तार गादीत घालून तिला आतून उष्णता देतात, गादी आकसते. दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीत, बाहेरचा भाग फारसा नसेल तर, ही पद्धत बरी आहे. दुखणं कमी, कामावर परतणं लवकर. पण कापून काढण्याच्या तुलनेत त्रास परत येण्याचं प्रमाण जास्त आहे, दीर्घकाळचा पुरावा अजून तोकडा आहे, आणि ज्या रुग्णांना ती सर्वांत जास्त विकली जाते त्यांच्यापैकी पुष्कळांचं काम रबराच्या कडीने भागलं असतं. चौथ्या श्रेणीला लेझर सुचवणाऱ्याला 'तुमच्याकडे परत आलेले किती?' असं जरूर विचारा.

यात विम्याचाही हात आहे. बऱ्याच आरोग्य विम्यांत बाह्यरुग्ण उपचारांचे पैसे मिळत नाहीत, भरती किंवा डे-केअर शस्त्रक्रियेचे मिळतात. खिशातून थोडे पैसे देऊन कडी घालायची की कंपनीच्या पैशाने ऑपरेशन करून घ्यायचं, असा प्रश्न पडला की माणूस नकळत थिएटरकडे वळतो आणि दवाखानाही त्याला अडवत नाही. पुष्कळ पॉलिसींत मूळव्याध, फिशर, भगंदर यांना पहिली दोन वर्षं संरक्षण नसतं, तेही आधी वाचावं. पैसे कुणाचेही असोत, टाके आपल्यालाच पडतात.

आयुर्वेदाचं काय, हा प्रश्न मराठी वाचक विचारणारच. पायऱ्या-पायऱ्यांनी जाण्याची कल्पना सुश्रुतसंहितेत स्पष्ट आहे. मूळव्याधीला तिथे चार उपाय सांगितलेत, औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र, आणि सौम्य, नव्या दुखण्याला औषध, तर बारीक मुळाच्या, उंच आलेल्या कोंबाला शस्त्र, अशी वाटणीही केली आहे. तपासणीसाठी गाईच्या सडाच्या आकाराचं, चार अंगुळं लांब यंत्र वर्णिलं आहे, म्हणजे आपला प्रॉक्टोस्कोपच. क्षारसूत्राला, म्हणजे क्षाराचा लेप दिलेल्या दोऱ्याला, आधुनिक चाचणीचं पाठबळ मिळालं ते मात्र भगंदरात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या १९९१ च्या बहुकेंद्री चाचणीत वर्षभरात भगंदर उलटण्याचं प्रमाण क्षारसूत्रानंतर ४ टक्के आणि शस्त्रक्रियेनंतर ११ टक्के होतं. हे यश खरं आहे, पण ते मूळव्याधीच्या जाहिरातीत वापरलं जातं तेव्हा हातचलाखी असते. शल्यतंत्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले वैद्य आणि भिंतीवरचा नंबर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

काहींनी घाई मुळीच करू नये. गरोदरपणात सुजलेल्या गाद्या बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत बहुधा आपोआप उतरतात. तोवर मऊ मळ, शेक आणि डॉक्टरांनी चालेल म्हटलेलं मलम एवढंच. यकृत खराब असलेल्यांच्या गुदाशयात फुगलेल्या शिरा वेगळ्या असू शकतात, त्यांना कडी घालणं धोक्याचं. आतड्याला सूज आणणारा क्रॉन्ससारखा आजार असलेल्यांची जखम लवकर भरत नाही. यातलं काही असेल तर ते मूळव्याधीच्या डॉक्टरांना आधी सांगावं, त्यांनी विचारलं नाही तरी.

सल्ला घ्यायला जाल तेव्हा तीन गोष्टी विचारून घ्या: माझी श्रेणी कोणती, कडी का चालणार नाही, आणि तुम्ही स्वतः इथे कड्या घालता का. तिसऱ्याचं उत्तर 'नाही' आलं तर दुसऱ्याच्या उत्तरावर फार विसंबू नका आणि दुसरं मत घ्या. बोट घालून तपासणी न करता, मोबाईलवरचा फोटो बघून किंवा नुसतं ऐकून ऑपरेशनची तारीख देणाऱ्या दवाखान्यातून मात्र सरळ उठून या.